भिंतीच्या बरगड्या

डब्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘रंग आणि प्रायमर एकत्र’. मी तेवढंच वाचलं. डब्याच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय ते मला दोन आठवड्यांनी दिसलं, तेही कपाळावरचा चष्मा खाली ओढल्यावर: नव्या, कोऱ्या जिप्सम बोर्डवर आधी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात द्यावा. म्हणजे डबा पुढून एक बोलतो आणि मागून दुसरंच. तो डबा आता रिकामा आहे, पण दिसला की अजून डोकं फिरतं.

मोठ्या खोलीत आडभिंत घालून दोन खोल्या करायच्या होत्या. दादाने आणि मी सांगाडा उभा केला, साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेल्या जिप्समच्या फळ्या, स्क्रूने आवळले आणि दोन दिवसांत भिंत उभी राहिली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्याच भिंतीला रंग चढवायला मात्र महिना गेला.

सांधे भरण्याचं थोडक्यात सांगते. सांध्यावर कागदी टेप, त्यावर जॉइंट कंपाउंडचे, म्हणजे सांधे बुजवायच्या लुकणाचे, तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच किंचित दबलेल्या येतात, त्या खळग्यात टेप आणि कंपाउंड मावतं. आखूड कडा तशा नसतात. तिथे दोन बोर्ड भिडले की सांध्यावर टेंगूळ येणारच, आणि ते लपवायचं तर कंपाउंड दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पसरवत न्यावं लागतं. आमचा असा एक सांधा नेमका डोळ्यांच्या उंचीवर आला. बोर्ड लावतानाच डोकं चालवलं असतं तर तो दाराच्या वर गेला असता.

बादलीत तयार मिळणारं कंपाउंड त्यातलं पाणी उडून वाळतं, म्हणून दर हाताला साधारण चोवीस तास धरायचे, हवा दमट असली तर जास्त. ओलं आहे तोवर ते करडं दिसतं, वाळलं की पांढरंफटक होतं. मला धीर नव्हता. एका सांध्यावर मधोमध करडा पट्टा दिसत असतानाच मी पुढचा हात फिरवला. वाळताना कंपाउंड आकसतं, त्यामुळे तिथे नाली पडली आणि ती पुन्हा भरावी लागली. घाईच असेल तर पाण्यात कालवायची पावडर मिळते, तीस मिनिटांत, पाऊण तासात घट्ट होणारी. ती रासायनिक क्रियेने घट्ट बसते, वाळण्याची वाट पाहत नाही. पण एकदा बसली की घासताना खांदे निखळतात.

मग घासलं, झाडलं आणि रंगाला हात घातला. इथेच घोडं अडलं.

रंग मोरपंखी, सॅटिन फिनिश, म्हणजे मंद चमकेचा. पहिला हात ठिकठिकाणी चट्टे पडल्यासारखा दिसला, पण पहिला हात तसाच दिसायचा म्हणून मी मनावर घेतलं नाही. दुसरा हात झाला तेव्हा रात्र झाली होती. दिव्याच्या उजेडात भिंत अशी दिसत होती की मी रोलर धुवायच्या आधी दादाला हाक मारून दाखवली. सकाळी आई आत आली, खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, भिंतीच्या बरगड्या दिसतायत.”

खरंच दिसत होत्या. समोर उभं राहिलं तर काही नाही. खिडकीजवळ जाऊन भिंतीच्या कडेने तिरकं पाहिलं की प्रत्येक सांध्यावर फूटभर रुंदीचा मळकट, बिनचमकीचा पट्टा. बाकी भिंतीवर मंद तकाकी आणि पट्टा मात्र ओल्या फडक्याने पुसलेली पाटी अर्धवट वाळावी तसा. दोन पट्ट्यांच्या मध्ये, जिथे जिथे स्क्रूच्या खड्ड्यांत कंपाउंड भरलं होतं, तिथे गोल ठिपके, ओळीने, सदऱ्याच्या बटणांसारखे. कोणता स्क्रू कुठे आहे ते आता मी डोळे मिटून सांगू शकते.

पुढचे बारा दिवस मी या भिंतीशी भांडले.

आधी वाटलं रंग नीट ढवळला नसेल. डबा तळापासून ढवळला, तिसरा हात दिला. पट्टे जरा फिके झाले, गेले नाहीत. मग संशय रोलरवर. नवा, बारीक लवीचा रोलर आणला. ये रे माझ्या मागल्या. दादा म्हणाला, “चार दिवस हात लावू नकोस, पूर्ण वाळलं की जाईल.” चार दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी पट्टे जागच्या जागी. मग रंगाच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. पहिल्या फोनवर डब्याचा बॅच नंबर विचारून थांबायला सांगितलं आणि फोन कापला गेला. दुसऱ्याला पुन्हा बॅच नंबर. तिसऱ्या वेळी एक शांत आवाजाचा माणूस म्हणाला, “मॅडम, अजून एक हात मारून बघा.” भिंतीवर काय आहे, सिमेंट की बोर्ड, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मलाच कुठे माहीत होतं की तोच प्रश्न आहे!

याच काळात मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. वाटलं, पट्टा दिसतो म्हणजे तिथे उंचवटा असणार. जाडा पॉलिश पेपर घेतला आणि डोळ्यांसमोरच्या त्या सांध्यावर तुटून पडले. रंग निघाला, खालचं कंपाउंड निघालं आणि कडेला बोर्डाचा कागद फाटून आतला तपकिरी थर उघडा पडला. त्याच्यावर रंग लावला तर कागदाला फोड आले. तोवर भिंतीला बरगड्याच होत्या, आता जखमही झाली.

उलगडा झाला तो बोर्डाच्या उरलेल्या तुकड्यावर. तो कोपऱ्यात उभा होता, त्यावर दादाने कंपाउंड पसरवायचा पत्रा पुसला होता, त्यामुळे मधोमध कंपाउंडचा एक पट्टा आपसूक तयार. चिडून मी ओलं बोट आधी कंपाउंडवर टेकवलं. डाग उमटला आणि पाणी बघता बघता आत गेलं. मग तेच बोट शेजारच्या कागदावर. इथे पाणी चकाकत बसून राहिलं, आत जायला त्याने चांगलाच वेळ घेतला. एकाच भिंतीचे दोन भाग, पण एकाची तहान वेगळी, दुसऱ्याची वेगळी. रंगाचंही तेच होतं. कंपाउंड रंगातलं पाणी आणि त्याच्याबरोबर रंगाला बांधून ठेवणारा चिकट भाग झपाझप ओढून घेतं, वर नुसता कोरडा, निस्तेज थर राहतो. कागदावर तो चिकट भाग वरच राहतो, म्हणून तिथे चमक. छटा सगळीकडे एकच होती, फरक चमकेत होता, आणि मी बारा दिवस छटेशी झगडत होते. रंगकामवाले याला फ्लॅशिंग म्हणतात, हे नंतर कळलं. नाव आधी माहीत असतं तर निदान शोधता तरी आलं असतं.

त्याच दुपारी तुकड्याच्या अर्ध्या भागावर, पट्टा आडवा कापत, जिप्सम बोर्डसाठीचा पीव्हीए प्रायमर (पांढऱ्या गोंदाच्या जातीचा) लावला. दुसरा अर्धा कोरा. प्रायमर वाळल्यावर अख्ख्या तुकड्यावर त्याच डब्यातला मोरपंखी, दोन हात. दुसऱ्या दिवशी तुकडा खिडकीत तिरका धरला. कोऱ्या अर्ध्यावर पट्टा चांगला ठसठशीत होता, आणि प्रायमरची रेघ लागली तिथे चाकूने कापल्यासारखा थांबत होता. त्याच्या पुढे काहीच नाही. मी तो तुकडा दादाच्या नाकासमोर नेऊन धरला. तो म्हणाला, “मी तर पहिल्या दिवशीच म्हणत होतो प्रायमर लाव.” अजिबात म्हणत नव्हता.

आता रंगवलेल्या भिंतीवर प्रायमर चालतो का? चालतो. बारीक, 220 नंबरच्या पेपरने अख्खी भिंत हलक्या हाताने घासून चमक मोडली, ओल्या फडक्याने पुसली, वाळायला सोडली. फाटलेल्या कागदाचं आधी वेगळं पाहिलं: सुटे धागे कटरने कापले, तपकिरी भागावर ऑइल प्रायमर लावून तो बंद केला, कारण पाण्याच्या प्रायमरने तिथे पुन्हा फोडच आले असते. वाळल्यावर पातळ कंपाउंड, मग घासणं. मग अख्ख्या भिंतीला प्रायमरचा एक सलग हात. तो वाळला तेव्हा भिंत पहिल्यांदा एकसारखी दिसली, आणि मला उगाचच रडू आलं.

प्रायमरचा दुसरा उपयोग तेव्हा समजला. कागद आणि कंपाउंड एकाच पांढऱ्या रंगाचे झाले की लपलेलं सगळं वर येतं. खोलीतले दिवे बंद करायचे आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरायचा, म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जातो. पत्र्याचे ओरखडे, कंपाउंडमधली टाचणीएवढी भोकं, टेपची एक सुटलेली कड, सगळं सावली टाकतं. पेन्सिलने गोल करत गेले, तेवीस गोल झाले. आणि हो, हे टॉर्चचं काम प्रायमरच्या आधीही करायचं असतं. मी ते तेव्हा केलं नव्हतं, म्हणून तेवीस.

घासताना आणखी एक चूक झाली होती, ती राहिलीच सांगायची. कंपाउंड घासताना हात शेजारच्या कागदावर गेला की कागदाला लव येते, आणि त्यावर रंग लागला की ती ताठ होऊन खरखरीत लागते. घासायचं ते कंपाउंडच, 120 किंवा 150 नंबरने, कडेला अगदी हलकं. प्रायमरनंतर जी थोडी लव उभी राहते ती 220 ने एकदा पुसल्यासारखी घासली की जाते. मास्क नाकावर घट्ट बसणारा हवा, रुमालाने भागत नाही. ही धूळ पिठापेक्षा बारीक असते आणि तिच्यात सिलिका असू शकते. ओल्या स्पंजने घासलं तर धूळ जवळजवळ उडतच नाही, पण स्पंज पिळून घ्यायचा, नाहीतर कागद भिजतो. आणि प्रायमरच्या आधी भिंत पुसणं टाळू नका. धुळीवर लागलेला प्रायमर भिंतीला धरत नाही, धुळीला धरतो.

गडद छटा असेल तर प्रायमर करड्या छटेत मिसळून घ्यावा, रंगाचा एखादा हात वाचतो. मी पांढराच घेतला होता. सॅटिनचा हट्टही बाजूने उजेड येणाऱ्या भिंतीसाठी बराच महागात पडला. मॅट रंग दहा चुका पोटात घालतो, चमकणारा एकही घालत नाही. भिंत आरशासारखी चमकवायची तर सांध्यांपुरतं कंपाउंड पुरत नाही, अख्ख्या भिंतीवर त्याचा पातळ थर ओढावा लागतो.

यानंतर रंगाचे दोन हात सरळ गेले. दोन डबे एकाच बादलीत ओतून एकत्र केले, म्हणजे मधेच छटा बदलायला नको. भिंतीच्या कडा आधी ब्रशने रंगवायच्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर त्यांच्यावर न्यायचा. मधे फोन आला तर घ्यायचा नाही. रात्री रोलर धुवायचा कंटाळा आला तर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळून ठेवला की सकाळी ओलाच मिळतो. कडांना लावलेली मास्किंग टेप शेवटचा हात जरा ओला असतानाच तिरकी ओढून काढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खिडकीपाशी उभं केलं. तिने मान वाकडी करून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, आणि “बरी आहे” म्हणाली. आमच्याकडे ‘बरी’ म्हणजे पैकीच्या पैकी.

त्या तेवीस गोलांपैकी बावीस भरून, घासून, त्या जागांवर प्रायमरचा ब्रश पुन्हा फिरवला होता. कंपाउंड नव्याने लागलं की तिथे तहान नव्याने सुरू होते. तेविसावा गोल दारामागे होता. तो भरला, घासला आणि प्रायमर विसरले. सकाळचं ऊन आलं की तिथे एक बटण दिसतं, मध्यम आकाराचं. दार पूर्ण उघडलं की ते झाकतं. सध्या ते दार आम्ही उघडंच ठेवतो.