पोस्टरचे वय तळाच्या ओळीत

‘मदर इंडिया’ १९५७ सालचा, म्हणून हातातले त्याचे पोस्टरही त्याच सालचे, असे गृहीत धरणे संग्राहकाला महागात पडते. गाजलेले हिंदी चित्रपट पुनःपुन्हा प्रदर्शित होत आणि त्यासाठी नवी पोस्टरे छापली जात. मी सर्वप्रथम तळाच्या समासातील मुद्रकाची बारीक ओळ वाचतो. पत्त्यात ‘४०० ००४’ असा सहा अंकी पिनकोड असेल, तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ‘बॉम्बे-४’ असा जुना विभाग क्रमांक आशादायक खरा, पण सवयीने तो पुढेही छापला गेलेला असू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

त्यानंतर छपाईची पद्धत ओळखण्यासाठी भिंग लावावे. शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईत, रंगाची छटा खडूने घासल्यासारखी रवाळ दिसते, तर ऑफसेटवर, म्हणजे रबरी आवरणामार्फत कागदावर शाई उतरवणाऱ्या यंत्रावर, छापलेल्या छायाचित्रात ठिपक्यांची नियमित जाळी असते. घडीच्या रेषेवर तर आवर्जून बोट फिरवावे: डोळ्यांना दिसणारी चुणी बोटाला लागत नसेल आणि तिच्यावरही तीच जाळी पसरलेली असेल, तर ते जुन्या पोस्टरच्या छायाचित्रावरून केलेले पुनर्मुद्रण आहे.