गंगेला दाढी

रोमला पियाझ्झा नवोना या चौकात आम्ही सकाळी सातलाच हजर झालो. नंतर गर्दी इतकी होते, की कारंजी कमी आणि सेल्फी काढणारेच जास्त दिसतात.

सतराव्या शतकातला शिल्पकार बर्निनी, त्याचं चार नद्यांचं कारंजं मधोमध आहे. १६५१ साली पुरं झालं. खडकावर उंच ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी स्तंभ, आणि खाली चार खंडांच्या चार नद्या: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. तिला शोधत दोन प्रदक्षिणा झाल्या. मनात होती वेरूळच्या कैलासातली, मकरावर उभी असलेली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तो वल्हंवाला बघा. तीच गंगा. हिला तर दाढी आहे!"

खरंच. चांगला धिप्पाड, दाढीवाला बाप्या, हातात लांबलचक वल्हं. रोमन पुराणात नद्यांचे देव सहसा पुरुषच. आणि गंगेतून नावा चालतात, म्हणून वल्हं. शेजारच्या नाईलने डोक्यावरून कापड ओढलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. हे कापड मला फार आवडलं. अज्ञान इतक्या देखण्या रीतीने झाकलेलं क्वचितच बघायला मिळतं.

गंगा घडवली क्लोद पूसँ या शिल्पकाराने. आराखडा बर्निनीचा, छिन्नी दुसऱ्याची.

हे नीट कळलं चौकाच्या दक्षिण टोकाला, मूरच्या (म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या माणसाच्या) कारंज्यापाशी. तिथे बर्निनीने आधी डॉल्फिननी उचललेला शंख सुचवला होता. एवढ्या मोठ्या चौकात तो चिमुकला वाटला, म्हणून नवा आराखडा झाला. इंग्लंडच्या राजसंग्रहात त्यासाठीचं बर्निनीचं एक रेखाटन आहे: समुद्रदेव आणि डॉल्फिन. ते मी फोनमध्ये ठेवलं होतं. फोन कारंज्यातल्या मूरच्या पुतळ्यासमोर धरला. कागदावरचा देव नुसत्या खडूच्या रेघांचा, पण कमरेतून असा पिळलेला, की डॉल्फिन आता हातून निसटणार असं वाटतं. दगडातला, मारी या शिल्पकाराने कोरलेला, त्या मानाने थोडा सावरून उभा आहे. मला विचाराल तर कागदावरचाच सरस.

बायकोला हे पटलं नाही. "कागदावर पाणी कुठे उडतंय?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतताना पुन्हा मधल्या कारंज्यावरून आलो. तिने थांबून त्या दाढीवाल्याला हात जोडले. बूट मात्र काढले नाहीत.