आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली

छिंगमिंगची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात शेजारचा मुलगा इंग्रजीची तपासलेली उत्तरपत्रिका हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला. तो आठवीत आहे. पूर्वजांच्या कबरी झाडून त्यांना फुले वाहण्याचा हा सण दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला येतो, आणि शिक्षिकेने त्याच विषयावर किमान ६० शब्द लिहायला दिले होते. मुलाने त्यात लिहिले होते, 'माय ग्रँडफादर हॅज डाइड फॉर थ्री इयर्स.' 'हॅज डाइड' या शब्दांखाली लाल रेघ होती, वर 'हॅज बीन डेड' अशी दुरुस्ती होती आणि समासात एक गुण वजा केलेला होता. गुणाबद्दल तो काही बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, "आयी, येये गेले हे खरे आहे, तीन वर्षे झाली हेही खरे आहे, मग वाक्य चुकले कुठे?"

येये म्हणजे वडिलांचे वडील. आणि आईच्या वयाच्या कोणत्याही बाईला चिनी मुले 'आयी' म्हणतात. चार वर्षे हा शब्द ऐकूनही माझ्या मराठी कानाला त्याची सवय झालेली नाही. माझी मुलगी पुण्यात वसतिगृहात राहते, आणि शांघायच्या या टोकाला, च्यातिंगमधल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, दुसऱ्याच कोणाचा मुलगा दार वाजवून मला रोज जवळजवळ 'आई' म्हणतो.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. सातारा जिल्ह्यात ११ वर्षे मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे नियम मला ठाऊक होता. अडचण अशी होती की त्याचे वाक्य मला मनातून बरोबरच वाटत होते. चिनी भाषेत तो म्हणेल, 'येये छ्युश सान न्येन ल.' एकेका शब्दाखाली मराठी शब्द ठेवत गेले तर आजोबा, गेले, तीन, वर्षे, आणि शेवटच्या 'ल'च्या जागी आपले 'झाली'. 'छ्युश' या शब्दाचा मूळ अर्थही जगातून जाणे असाच आहे, आपण आपल्या माणसाबद्दल 'गेले' म्हणतो तसाच. आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली. या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काय आहे, असे कोणी मराठी माणसाला विचारले तर तो काय सांगणार?

इंग्रजीची अट अशी की 'डाय' हे क्रियापद एका क्षणात पुरे होते. ते पुढे ताणता येत नाही, म्हणून 'फॉर थ्री इयर्स' त्याला जोडता येत नाही. तीन वर्षे जे चालू राहिले ते मरण नव्हे, मृत असण्याची अवस्था. इथल्या शाळांत यासाठी जोड्यांचा एक तक्ताच पाठ करून घेतात: 'बाय'च्या जागी 'हॅव', 'बॉरो'च्या जागी 'कीप', 'लीव्ह'च्या जागी 'बी अवे', 'जॉइन'च्या जागी 'बी अ मेंबर', 'बिगिन'च्या जागी 'बी ऑन' आणि 'डाय'च्या जागी 'बी डेड'. दोन आठवड्यांपूर्वी ग्रंथालयातून आणलेले पुस्तक 'हॅव बॉरोड फॉर टू वीक्स' म्हटले की गुण गेलाच, तिथे 'हॅव केप्ट' हवे. पहिल्यांदा हा तक्ता पाहिला तेव्हा मला चीड आली होती. भाषा काय पाढ्यांसारखी घोकायची असते, असे मी नवऱ्याला रात्री जेवताना बराच वेळ ऐकवले होते.

आता मला तसे वाटत नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला असा तक्ता सुचणारच नाही, कारण ती चूक त्याच्या तोंडून कधी होतच नाही. चिनी मुलांचा पाय नेमका कुठे घसरतो, हे ज्याचा स्वतःचा पाय तिथे घसरला आहे अशा शिक्षकालाच कळते, आणि त्या तक्त्यामागे अशा शिक्षकांचा अनुभव आहे. आपली मुले वेगळ्या ठिकाणी अडखळतात. 'मी इथे चार वर्षांपासून राहते' यातला 'पासून' उचलून ती 'सिन्स फोर इयर्स' लिहितात, आणि त्यासाठी वर्गात फळ्यावर 'सिन्स'खाली एक टिंब व 'फॉर'खाली एक लांब रेघ काढण्याची माझी पद्धत होती. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

हे मी इतक्या विस्ताराने लिहिते आहे, त्याला कारण आहे. नवरा चाकणहून इथल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आला, तेव्हा बी.एड. आणि ११ वर्षांचा अनुभव गाठीशी असल्याने मलाही काम मिळेल अशी माझी समजूत होती. एका भाषावर्गाने माझे कागद पाहण्याआधीच पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारले आणि विषय तिथेच संपवला. परदेशी शिक्षक जी भाषा शिकवणार ती त्याची मातृभाषा असावी, अशी इथल्या कामाच्या परवान्याची सर्वसाधारण अट आहे. नियम त्यांचा आहे, देश त्यांचा आहे, तो मी पाळते. परंतु मातृभाषा असणे आणि ती शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते. आम्ही इंग्रजीत बाहेरून आत आलो आहोत. प्रत्येक दाराची कडी कुठे आहे हे आम्हाला हातांनी चाचपून शोधावे लागले आहे.

शेजारच्या मुलाबरोबर मी बसते ते शिकवणी म्हणून नव्हे. जुलै २०२१ मध्ये सरकारने 'श्वांगच्येन' हे धोरण आणले आणि नववीपर्यंतच्या मुलांसाठी शालेय विषयांचे नफ्यावर चालणारे खाजगी वर्ग बंद केले, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांमध्ये असे वर्ग घेण्यावरही बंदी आणली. माझ्याकडे कामाचा परवानाही नाही. मी पैसे घेत नाही, वेळेचे बंधन नाही, त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसतो आणि निघताना ती माझ्या हातात काही ना काही खाऊ ठेवते. गल्लीतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळ घेऊन बसणे हे साताऱ्यात आम्ही सगळ्याच शिक्षिका करत आलो. आजी मला 'लाओशी' म्हणते. लाओशी म्हणजे शिक्षक, आणि परवान्यावर नसलेला हा शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला फार बरे वाटते.

माझे चिनी बाजारहाटापुरते आणि त्याहून थोडेसेच जास्त आहे. तरीही व्याकरण समजावताना आमचे अडत नाही, कारण मराठी आणि चिनी वाक्ये मला अनेकदा एकाच वळणावर भेटतात. इथली मुले 'ऑल्दो' लिहून पुढे हमखास 'बट' लिहितात आणि गुण घालवतात. त्यांच्या भाषेत 'स्वैरान' आले की मागोमाग 'दानश' यावेच लागते, जसे आपल्याकडे 'जरी' म्हटले की 'तरी'वाचून वाक्य लंगडे राहते. 'यिनवेइ' आणि 'स्वोयी' ही दुसरी जोडी, म्हणजे 'कारण' आणि 'म्हणून'. इंग्रजी या जोड्यांतला एकच शब्द ठेवते. मी मुलाला म्हणाले की माझ्या भाषेतही दोन लागतात, मलाही लहानपणी दुसरा खोडायला शिकावे लागले. त्यानंतर तो 'बट' लिहून झाल्यावर स्वतःच थांबतो आणि खोडतो.

लांब वाक्यांचे तसेच आहे. 'च्वोथ्येन लाय द खरन' म्हणजे काल आलेला पाहुणा. शब्दांचा क्रमही तोच, आधी काल, मग आलेला, मग पाहुणा. इंग्रजीत पाहुणा आधी येतो आणि तो कधी आला ते 'हू'ला धरून मागून येते. त्यामुळे 'आजीने लावलेल्या झाडाखाली उभा असलेला मुलगा' हे उताऱ्यात 'द बॉय हू इज स्टँडिंग अंडर द ट्री व्हिच...' असे उलटे उलगडू लागले की मुलाचा धागा सुटतो. आपल्याला निदान 'जो मुलगा उभा आहे तो' असा दुसरा रस्ता घरातच आहे, 'हू'ची ओळख त्या 'जो'मुळे सोपी होते. चिनी भाषेत सगळे वर्णन नामाच्या आधीच यावे लागते. मराठीकडे दोन्ही वाटा आहेत, हे मला त्या टेबलाशी बसून प्रथमच जाणवले, आणि इतकी वर्षे वाक्यपृथक्करण शिकवूनही ते आधी जाणवले नव्हते याचे आश्चर्य वाटले.

वाचनाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शांघायच्या चोंगखावमध्ये, म्हणजे नववीच्या शेवटी जूनमध्ये होणाऱ्या परीक्षेत, ७५० पैकी १५० गुण इंग्रजीला आहेत, चिनी आणि गणिताइतकेच. त्या गुणांवर पुढची शाळा ठरते आणि सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळेत प्रत्येकाला जागा मिळत नाही. साहजिकच मुलगा आधी प्रश्न वाचतो, प्रश्नातला आकडा किंवा नाव हेरतो, उताऱ्यात तेच शोधून रेघ ओढतो आणि पर्याय निवडतो. पाचापैकी चार उत्तरे बरोबर येतात. मग मी कागद पालथा करून विचारले की उताऱ्यात काय झाले, तर तो माझ्याकडे बघत राहतो. सरकारी अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे की नववीपर्यंत सुमारे १६०० शब्द यावेत आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकूण दीड लाख शब्दांचे वाचन व्हावे. शब्द त्याला येतात, त्यांची यादी तो धडाधड म्हणून दाखवतो. दीड लाख शब्द वाचायला त्याला संध्याकाळ कुठून आणायची, ते मला कळत नाही.

आपल्याकडे याहून चांगले आहे, असे मला म्हणवत नाही. दहावीच्या मुलांना अनसीन पॅसेज सोडवताना 'आधी प्रश्न वाचा' हे मीच सांगत असे, आणि 'रिमूव्ह टू' किंवा 'नो सूनर दॅन'ची वाक्ये मुले अर्थाकडे न पाहता बदलत, तेव्हा मी त्यांना पूर्ण गुण देत असे. माझी मुले शेतावरून शाळेत येत होती, घरात इंग्रजीचा दुसरा कागद नव्हता आणि मार्चमधली परीक्षा त्यांना काढायची होती. त्या परिस्थितीत मी जे केले ते योग्यच होते, असे मला वाटते. इथे तीच युक्ती पाहताना मात्र त्रास होतो, कारण या मुलाच्या शाळेत ग्रंथालय आहे आणि तो पहिलीपासून इंग्रजी शिकतो आहे.

एका प्रश्नप्रकाराला मात्र मी मनापासून मानते. उताऱ्यात जागोजागी शब्द गाळलेले असतात आणि प्रत्येक जागी गाळलेल्या शब्दाचे फक्त पहिले अक्षर छापलेले असते. पर्याय नसतात, त्यामुळे हेरण्यासारखे काही उरत नाही. उतारा आरंभापासून शेवटापर्यंत समजल्याशिवाय तो शब्द सापडत नाही, आणि सापडला तरी त्याचे अनेकवचन किंवा भूतकाळ स्वतःच ठरवावा लागतो. आपल्या मंडळाने हा प्रकार उचलावा, असे मला फार वाटते.

सध्या आम्ही असे करतो की त्याने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि मग आजीला, त्याच्या नायनायला, तो चिनीत सांगायचा. नायनायला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, म्हणून ती खरे प्रश्न विचारते. मग तो परत आला का, पैसे कोणी दिले, आई रागावली नाही का? चिनी बोलण्यात तो आणि ती या दोघांनाही 'था' म्हणतात, लिहितानाच काय तो फरक दिसतो. त्यामुळे नायनाय मध्येच विचारते, "कोणता था?" आणि मुलाला पुन्हा उताऱ्यात जाऊन 'ही' होता की 'शी' ते पाहावे लागते. इंग्रजी बोलताना तो आईलाही 'ही' म्हणून जातो, पण या गोष्टी सांगण्यापासून ते कमी झाले आहे.

इथल्या मुलांजवळ 'छ्वोथीबन' नावाची वही असते, म्हणजे चुकलेल्या प्रश्नांची वही. चूक झाली की प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा, आपले चुकलेले उत्तर लिहायचे, खाली चुकीचे कारण आणि मग बरोबर उत्तर. माझ्या वर्गात मी चुकलेला शब्द पाच वेळा लिहायला लावत असे, कारण लिहायला कधी सांगितले नाही. त्या संध्याकाळी त्याने वही उघडली, आपले वाक्य उतरवले, कारण लिहिले, आणि 'हॅज बीन डेड' लिहिताना थांबला. 'डेड' हा शब्द तो मोबाइलच्या बॅटरीसाठी वापरतो. येयेंसाठी तो वापरायचा का, असे त्याने विचारले.

दुरुस्ती व्याकरणाने बिनचूक होती आणि शिक्षिकेचा त्यात काही दोष नाही. पण मी त्याला तिसरे वाक्य दिले, 'इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स माय ग्रँडफादर पास्ड अवे.' ही रचना त्याच्या अभ्यासातलीच आहे, गुण कापला जाणार नाही. तीन वर्षे झाली हे तिच्यात मुख्य वाक्य आहे आणि आजोबांचे जाणे एकदाच घडून मागे राहिले आहे, अगदी आपल्या 'जाऊन तीन वर्षे झाली'सारखे. त्याने शिक्षिकेचे वाक्य ठेवून त्याच्याखाली हे लिहिले आणि 'सिन्स'खाली मी दाखवले तसे टिंब दिले.

नायनाय पलीकडे मोठ्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. इतका वेळ एकाच ओळीवर काय चालले आहे, असे तिने विचारले, तेव्हा त्याने ते वाक्य तिला चिनीत वाचून दाखवले. तिने हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले, "सान न्येन ल," म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.