नवतपात ७९५०एक्स: आधी वॅट, मग हीटसिंक

नागपुरात नवतपातही, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या त्या नऊ तापलेल्या दिवसांतही, चालेल असा कॉम्प्युटर ७९५०एक्स प्रोसेसरवर जोडला, त्याच्या या नोंदी. आमच्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला. म्हणून या नोंदींमध्ये प्रोसेसरवर बसतो त्याला मी हीटसिंक म्हणणार आणि कूलर म्हणजे कूलरच: तीन बाजूंना ताट्या, खाली टाकी, रात्रभर घरघर. गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवतो. या बिल्डमध्ये माझं निम्मं डोकं या दोघांना एका खोलीत नांदवण्यातच खर्ची पडलं.

मार्च, दुसरा आठवडा

खोली दुसऱ्या मजल्यावर. वर थेट स्लॅब, पश्चिमेला उघडी भिंत, एसी नाही. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं: छोटी ॲनिमेशनं, तासन्‌तास चालणारे रेंडर (सीनवरून एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करणं). जुनं सहा कोअरचं मशीन मागच्या उन्हाळ्यात दुपारी दोननंतर मी बंदच ठेवायचो. या वेळी ठरवलं की मशीन मे महिन्यात भर दुपारी चाललं पाहिजे, नाहीतर नवीन घेऊन उपयोग काय?

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानात सुट्या भागांची यादी दाखवली. दुकानदाराने हीटसिंकच्या ओळीवर पेन आपटला. "भाऊ, हे पुण्या-बंगलोरसाठी ठीक हाय. नागपुरात लिक्विडच लागते. एअरवर गेले तर मे महिन्यात रडान."

त्याचं पूर्ण चुकीचं नाही, पण कारण चुकीचं आहे. लिक्विड म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड करायचा; त्यातलं पाणी उष्णता फक्त वाहून नेतं. ती शेवटी रेडिएटरमधून खोलीतल्या हवेतच सोडायची असते. खोली ४० वर असेल तर पाणी ४० च्या खाली जाऊच शकत नाही. वर पंप आणि नळ्या आल्या, आणि बंद लूपमधलं पाणी जितकं गरम राहतं तितकं ते नळीतून लवकर झिरपून कमी होतं. लिक्विडचा खरा फायदा म्हणजे पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांचा झटका ते आरामात पचवतं. माझे रेंडर तीन-तीन तासांचे. तिथे तो फायदा संपतो.

मग रिव्ह्यू वाचायला घेतले, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच सापडलं. परदेशातले बहुतेक रिव्ह्यू २१-२२ अंशांच्या खोलीत केलेले असतात. ग्राफमध्ये '७५ अंश' दिसलं की आपण खूश. पण हीटसिंक हा प्राणी साधा आहे. एक वॅट मागे तो प्रोसेसरला हवेपेक्षा ठराविक अंश वर ठेवतो. वॅट तेवढेच आणि हवा १८ अंश जास्त, तर आकडाही जवळपास १८ अंशांनी वर. ग्राफ वाचताना मनात १८ मिळवायचे, की नागपूरचा ग्राफ तयार. यात आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: वॅट आणि खोलीची हवा. हीटसिंक महागडा घेऊन मिळतात ते त्यातले चार-पाच अंश.

म्हणून यादी उलट्या बाजूने केली. आधी ठरवलं की सगळं मिळून भिंतीतून साधारण ४०० वॅटच्या वर जायचं नाही. मग त्यात काय बसतं ते बघितलं.

प्रोसेसर: एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स. १६ कोअर, कंपनीचा आकडा १७० वॅट, पण प्रत्यक्ष सॉकेटला २३० वॅटपर्यंत मुभा. ऐकून घाम फुटतो. घेतला तो इको मोडमुळे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक ओळ बदलली की हाच प्रोसेसर १४२ वॅटच्या किंवा ८८ वॅटच्या मर्यादेत चालतो. इंटेलचा १४७००के सुद्धा यादीत होता. त्याची कमाल २५३ वॅट, आणि २०२४ मध्ये १३व्या-१४व्या पिढीचं व्होल्टेजचं प्रकरण झालं (जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर अस्थिर होत होते), मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे, पॅच आले. पॅच आले हे खरं, पण माझं मन उठलं ते उठलंच.

ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ४०७० सुपर, २२० वॅट. मित्र ४०८० घे म्हणून मागे लागला होता. तिचे ३२० वॅट. शंभर वॅटचा बल्ब दिवसभर खोलीत लावून ठेवायचा का, एवढाच प्रश्न मी त्याला विचारला.

कॅबिनेट लॅनकूल २१६: समोर जाळी, आत १६० मिलिमीटरचे दोन पंखे, मागे १४० चा एक. समोर काच असलेली कॅबिनेट दिसतात झकास, पण ती मी दुकानात हातही न लावता सोडली. हीटसिंक थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई, सात हीटपाइप, दोन पंखे. रॅम ६४ जीबी डीडीआर५-६०००, मुद्दाम बुटकी. उंच शिंगांची घेतली की पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि मग बाजूचं झाकण अडू शकतं.

पॉवर सप्लायबद्दल जरा थांबतो, कारण इथे लोक फक्त 'गोल्ड' बघतात. गोल्ड म्हणजे वीज किती वाया जाते त्याचा शिक्का. पण सप्लायवर लिहिलेले वॅट, माझ्या बाबतीत ८५०, कोणत्या तापमानाला मिळतील ते डब्यावर किंवा माहितीपत्रकात वेगळं लिहिलेलं असतं. चांगले ५० अंशांना सलग पूर्ण वॅट देतात. काही ४० लाच देतात, आणि ४० तर आपल्याकडे एप्रिलमध्येच होतात. मी ५० वाला घेतला. कॅपॅसिटर १०५ अंशवाले आहेत का तेही बघा. ते दर १० अंशांनी थंड राहिले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

एप्रिल, तिसरा रविवार: जोडणी

जोडणी सकाळी सहाला सुरू केली. दहानंतर त्या खोलीत हाताचा घाम मदरबोर्डवर टपकतो. हा विनोद नाही, मागे एकदा टपकलाय.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात त्या पेस्टऐवजी या वेळी हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ पट्टी वापरायची होती. ती साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरते आणि बारीक फटी भरते. पेस्टसारखी महिन्यांनी बाजूला सरकत नाही, असा तिचा लौकिक. मी काय केलं, पट्टी आदल्या दुपारी बॅगेतून काढून टेबलावर ठेवली. सकाळपर्यंत ती ४५ ला पोचली नव्हती, पण रात्रभर स्लॅबखाली राहून च्युइंगमसारखी झाली होती. वरची पारदर्शक फिल्म ओढली तर पट्टीचा एक कोपरा फिल्मबरोबरच निघून आला. दुसऱ्या बाजूने ओढली, मधोमध चीर पडली. राखाडी लगदा बोटांवर, प्रोसेसरवर अर्धवट.

सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. नशिबाने पट्टी मोठी घेतली होती, दुसरा तुकडा कापता आला. तो स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये पन्ह्याच्या बरणीशेजारी ठेवला.

आईने वीस मिनिटांनी डबा उघडला. "हे काय आहे रे? खायचं?"

"नाही, कॉम्प्युटरचं आहे."

"मग फ्रिजमध्ये काऊन?"

"वितळून राहिलं म्हणून."

तिने डबा परत ठेवला आणि काही बोलली नाही. थंड झालेली फिल्म मात्र एका झटक्यात, कोरी करकरीत निघाली. पट्टी बसवायच्या आधी फ्रिज, हे इतर ठिकाणी सल्ला असेल, नागपुरात सक्ती आहे.

पहिल्या दिवशी आकडे निराशाजनक होते. चार-पाच वेळा तापून निवाल्यावर तीन अंश खाली आले. पट्टी नीट पसरायला तेवढा वेळ लागतो, घाबरू नका.

एप्रिल अखेर: मोजमाप

थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडाशी, जाळीपासून वीतभर पुढे. भिंतीवरचा नाही, हवामानाच्या ॲपवरचा तर नाहीच. यंत्रावर आंधळा विश्वास नको याची आठवण नागपूरकरांना वेगळी द्यायला नको. २०२४ च्या मे अखेरीस शहरात ५६ अंश नोंदल्याची बातमी देशभर फिरली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडलाय म्हणून सांगितलं. खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९. तोही काही कमी नाही.

दुपारी चार, कूलर बंद, कॅबिनेटच्या तोंडाशी ३८ अंश. एकच सीन पुन्हापुन्हा, अर्ध्या तासानंतरचे आकडे.

मर्यादा न घालता: ९५ अंश. इथे दोन क्षण काळजी वाटते, पण झेन ४ पिढीचा हा प्रोसेसर ९५ ला टेकून तिथे राहण्यासाठीच बनवलाय. तो जळत नाही, वॅट कमी करतो. २३० ची मुभा असताना माझ्याकडे तो १७६ वर स्थिरावला. एक फ्रेम १२ मिनिटं २५ सेकंद.

१४२ वॅटवर: ८४ अंश, १२ मिनिटं ५० सेकंद.

८८ वॅटवर: ६७ अंश, १४ मिनिटं ५० सेकंद.

म्हणजे या खोलीत पूर्ण मोकळा सोडलेला प्रोसेसर मला फ्रेममागे २५ सेकंद वाचवून देतो आणि त्या बदल्यात ३४ वॅट जास्त खोलीत ओततो, पंखे किंचाळतात ते वेगळंच. तुलना म्हणून मशीन स्कूटरवर घालून धंतोलीत मामेभावाच्या एसीच्या खोलीत नेलं. तिथे २४ अंशांत मोकळा सोडला तरी १२ मिनिटं १० सेकंद. एसीत ठेवूनही १४२ च्या सेटिंगवर फक्त ४० सेकंदांची आघाडी. त्या संध्याकाळी १४२ कायमचं केलं.

कार्डाचंही तसंच. व्होल्टेज कमी करून ९५० मिलिव्होल्टला २५५० मेगाहर्ट्झ बांधलं, २२० चे साधारण १७५ वॅट झाले. खेळताना फरक दिसत नाही.

मे, दुसरा आठवडा: पांढरी पावडर

कूलर सुरू झाला. मेमध्ये बाहेर ४३-४४ असतं, पण हवा इतकी कोरडी की ताटीतून येणारा झोत २८-२९ पर्यंत उतरतो. कॅबिनेटच्या तोंडाशी ३० दिसायला लागलं आणि १४२ वॅटवर प्रोसेसर ७६ ला आला. मला वाटलं, जिंकलो. मशीन सरळ कूलरच्या झोतात नेऊन ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात जाळीवर पांढरट थर दिसला. बोट फिरवलं तर खरखरीत, मिठासारखा. आत पंख्याच्या पात्यांच्या कडेलाही तसाच. धूळ नव्हती ती. टाकीत बोअरचं पाणी भरतो आम्ही, ते जड. कूलर फुल स्पीडवर असला की ताटीतून बारीक थेंब उडतात, हवेत सुकतात आणि त्यातला क्षार मशीनमध्ये जातो. दमट हवेने आत पाणी साचेल अशी भीती सगळ्यांना वाटते, ती खरं तर नाही. आतले भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. क्षार मात्र बसतो, आणि तो फुंकून जात नाही. हीटसिंकच्या फिन्समधून (पातळ पत्र्यांमधून) टूथब्रशने काढायला दोन तास गेले.

आता मांडणी बदलली आहे. कूलर पश्चिमेच्या खिडकीत, मशीन समोरच्या दाराजवळ, पाठ दाराकडे. कूलरच्या खोलीचं दार उघडंच ठेवावं लागतं, नाहीतर ओल साचते आणि घाम सुकत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तो बाहेर जाणारा वारा आता मशीनची गरम हवा परस्पर जिन्यात नेऊन टाकतो. थेंब खोलीतल्या चार मीटरमध्ये कुठेतरी राहतात. टाकीत शक्यतो नळाचं पाणी. तोंडाशी ३० ऐवजी ३१ झाले, चालतंय.

नवतपा, चौथा दिवस

बाहेर ४५. दुपारी अडीचला प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर रेंडर लावून खालच्या मजल्यावर जेवायला गेलो. दोन्ही चालले की कार्डाची गरम हवा वर हीटसिंकला लागते, म्हणून ८२ अपेक्षित होते. मोबाइलवर आकडे दिसतात. पावणेचारला ८४, मग ८७, मग ९१. पंखा बंद पडला की काय म्हणून धावत वर गेलो.

पंखे सगळे फिरत होते. कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं. पंप कोरडा गुरगुरत होता, ताट्या खडखडीत, आणि कूलर इमानेइतबारे बाहेरची लू आत भरत होता. तोंडाशी ४०. एसएसडी तिच्या ७० च्या मर्यादेला टेकलेली. बादलीने टाकी भरली, वीस मिनिटांत सगळं पुन्हा ८२ वर.

तेव्हापासून घरात नवीन प्रथा पडली आहे. आई दुपारी खालून ओरडते, "मशीन किती दाखवून राहिली?" ८५ च्या वर सांगितलं की ती मोटर सुरू करते.

जून, तिसरा आठवडा

दोन सरी पडल्या आणि कूलरचं राज्य संपलं. हवेत आधीच ओल, ताटीतून येतो तो फक्त चिकट वारा. तोंडाशी ३३, कूलर बंद, छताचा पंखा. १४२ वॅटवर ७९. उन्हाळ्यात कूलर चालू असताना होते त्यापेक्षा जास्त, हे आधी पटलंच नाही, दोनदा मोजलं. दुपारचे लांब रेंडर तूर्त ८८ वर टाकलेत, फ्रेममागे दोन मिनिटं जातात ती जाऊ देत. ताट्या काढून गच्चीवर वाळत घातल्या आहेत. हीटसिंकचा पुढचा पंखा पुन्हा उतरवायचा आहे, मधल्या फिन्समध्ये पांढरं अजून थोडं दिसतंय.