बारा बार आणि मामांचा एक प्रश्न

रविवार. मिसळ हाणून आल्यावर गंगापूर रोडच्या घरी गच्चीत गिटार काढली. मोबाईलवर ए सुरातला बारा बारचा ब्लूजचा साथीचा ट्रॅक लावला (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा, असे बारा झाले की परत पहिल्यापासून) आणि नेहमीसारखी मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांची स्केल, वर-खाली पळवत सुटलो. मामा (तबलावाले, ब्लूजशी संबंध शून्य) चहा घेत ऐकत होते. म्हणाले, "धानी वाजवतोयस होय? पण अरे, श्वास कुठे घेतोस?"

राग धानी! सा, कोमल ग, म, प, कोमल नी. मायनर पेंटॅटॉनिकचेच सूर की हे! इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.

मग ठरवलं, दोन बार वाजवायचं, दोन बार गप्प. गप्प बसणं भयंकर अवघड हो, बोटं नुसती वळवळतात. पण त्या शांततेत पहिल्यांदाच ट्रॅकमधली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलताना नीट ऐकू आली. पाचव्या बारला ए सेव्हन जाऊन डी सेव्हन येते, तिथे ए सेव्हनमधल्या सी शार्पवरून फक्त एक फ्रेट (गिटारच्या दांडीवरचं एक घर) खाली, डी सेव्हनमधल्या सी वर उतरलो. एकच सूर, पण सोलो ट्रॅकला चिकटला! मामांनी मान डोलावली.

नवव्या बारला ई सेव्हन आली आणि मी परत उधळलो, ते सोडा.