तबकडीचा वेग आणि काळी चार

बुधवार, रात्र

आज गाइड मॅडमनी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला लयीचा तक्ता पाहिला आणि विचारलं, "ही ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला किती फेऱ्यांवर वाजवलीस?" म्हटलं, ७८. "आणि मुद्रित किती फेऱ्यांवर झाली होती?"

खरी गोम तिथेच आहे. माझा पीएचडीचा विषय तीन मिनिटांच्या तबकडीत बसवलेला ख्याल. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान तबकडीसाठी गायली, त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं फेऱ्यांचा आकडा पक्का नव्हताच. ७६ वर मुद्रित झालेली तबकडी ८० वर लावली की पेटीवरच्या काळी चारची जवळजवळ शेजारची पांढरी सहा होते, म्हणजे पट्टी सुमारे अर्ध्या स्वराने चढते, आणि लयही त्याच प्रमाणात चढते. म्हणजे 'या बाई द्रुत अमुक लयीत गात' हे माझं वाक्य यंत्राच्या मर्जीवर! एक बरं, स्वरांमधली अंतरं बदलत नाहीत. गांधार षड्जापासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो, त्यामुळे चौथं प्रकरण शाबूत आहे.

संध्याकाळी तीच तबकडी संगणकावर वेगवेगळ्या वेगांनी लावली आणि सोबत गात बसले. ८० वर तानेचे दाणे एकमेकांवर चढतात, श्वास घ्यायला जागा मिळत नाही. ७६ वर आवाज जडावतो. मध्ये कुठेतरी गळा म्हणतो, हं, इथे. (गौहरजान शेवटी स्वतःचं नाव सांगते, त्या बोलण्यावरूनही वेगाचा अंदाज येतो. माझ्या तबकडीवर तेवढीही सोय नाही.)

पण प्रबंधात 'गळ्याने सांगितलं' कसं लिहायचं? कोर्सवर्कमध्ये प्रश्नावली झाली, नमुना निवड झाली. गळ्याचं नाव कुणी काढलं नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत चक्क गुरुशिष्यांच्या संवादात लिहिली. आज तसा आराखडा दिला तर समिती विचारेल, गृहीतक कुठाय? मला मात्र तो संवाद आमच्या प्रकरणांपेक्षा जिवंत वाटतो. शंका आली की शिष्य सरळ विचारतो, आम्ही ती तळटीपेत ढकलतो.

तर, लयीच्या रकान्यात आता एक आकडा नाही, किमान आणि कमाल असे दोन. आणि गाऊन पडताळलं हे पद्धतीच्या प्रकरणात उघड लिहायचं, पट्टी आणि वेगासकट, म्हणजे दुसऱ्या कुणालाही गाऊन बघता येईल. मॅडमना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "लिही. व्हायव्हाला अडवलं तर गाऊन दाखव."

थट्टेत म्हणाल्या असतील. तरी तंबोऱ्याचं ॲप फोनवर ठेवणार आहे.