यू टूचा 'पॉप' आणि ते भलंमोठं लिंबू

यू टू या आयरिश रॉक बॅंडच्या फॅन लोकांत त्यांच्या 'पॉप' अल्बमचा विषय काढा, पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. पहिली जुनी पार्टी, हिचं म्हणणं की नव्वदीत यांच्या अंगात टेक्नो शिरला आणि १९९७ला या अल्बमवर येऊन सपशेल तोंडावर आपटले. दुसरी पार्टी हल्ली जोरात आहे, ती म्हणते अहो अल्बम कच्चा राहिला एवढंच, गाणी एक नंबर होती, लाइव्ह ऐका म्हणजे कळेल. मी बरीच वर्षं दुसऱ्या पार्टीकडून भांडत आलोय पण अलीकडे सगळा अल्बम आणि सोबत त्या टूरची रेकॉर्डिंग्ज परत नीट ऐकली आणि आता मला ते 'कच्चा राहिला' प्रकरणच निम्मं पटत नाही. म्हणजे निम्मा अल्बम खरंच कच्चा आहे. पण उरलेला निम्मा पूर्ण शिजलेला आहे आणि त्याच्याकडे कुणी धड बघितलंच नाही कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते लिंबू होतं.

लिंबू माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पॉपमार्ट टूर, स्टेजच्या मागे दीडशे फुटांहून रुंद स्क्रीन, शंभर फुटी पिवळी कमान, एक टूथपिक त्यावर ऑलिव्ह, आणि एक चाळीस फुटी आरशांचं लिंबू जे गर्दीत सरकत यायचं, उघडायचं आणि आतून हे चौघं बाहेर पडायचे. ऑस्लोत एकदा ते उघडलंच नाही, चौघांना मागच्या बाजूने बाहेर काढावं लागलं. टूरची घोषणा सुद्धा मॅनहॅटनच्या केमार्ट या स्वस्त मालाच्या दुकानात, तीही बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या सेक्शनमध्ये उभं राहून केली होती. आता मला सांगा, ज्या माणसाने त्यांचा आधीचा 'जोशुआ ट्री' अल्बम ऐकून वाळवंट, देव, अमेरिका वगैरे मनात साठवलंय तो हे बघून काय म्हणणार? आपल्याकडे तर बहुतेकांना 'पॉप' कळला तो टीव्हीवरच्या 'डिस्कोटेक'च्या व्हिडिओवरून, ज्यात हे लोक शेवटी व्हिलेज पीपल या डिस्को ग्रुपचे कपडे घालून नाचतात. गायक बोनो पोलीस, बिचारा गिटारवाला एज मिशी लावून. तो व्हिडिओ बघून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी कॅसेटला हातच लावला नाही.

पण कॅसेट घेतलीच असेल तर जरा गाण्यांची रांग आठवा. 'डिस्कोटेक', 'डू यू फील लव्ह्ड', 'मोफो'. धांगडधिंगा म्हणावा तर एवढाच, तीन गाणी. त्यातलं 'मोफो' म्हणजे वरून धडधड आणि आत बोनो त्याच्या आईला हाक मारतोय, जी तो चौदा वर्षांचा असताना १९७४ला गेली, स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी कोसळली आणि काही दिवसांत संपली. मग चौथ्या गाण्यात देवदूत कुठे कडमडलेत म्हणून तक्रार, पुढे सूर्याकडे डोळे लावून बसलेले लोक, आणि शेवटची तीन गाणी तर अक्षरशः दिवे विझवत जातात. 'व्हेल्व्हेट ड्रेस', 'प्लीज', 'वेक अप डेड मॅन'. बारावं गाणं म्हणजे येशूलाच उठवून विचारलेला जाब आहे. हा डिस्को अल्बम? हा यू टूने काढलेला सगळ्यात उदास आणि देवाशी सगळ्यात जास्त भांडणारा अल्बम आहे, आणि त्यावर पार्टीचं लेबल त्यांनी स्वतःच चिकटवलं.

आता कच्चेपणाचं. तेही खोटं नाही. लॅरीच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सुरुवातीला ड्रमरच नाही, बाकीचे लूप्स, म्हणजे परत परत वाजणारे ठोक्यांचे तुकडे, घेऊन बसलेले. तो परत आल्यावर त्या लूप्सच्या जागी किंवा त्यांच्यासोबत तो काय वाजवणार हे ठरवण्यात महिने गेले. फ्लड, हाऊवी बी, स्टीव्ह ऑस्बॉर्न असे तीन प्रोड्यूसर. अल्बम ९६च्या ख्रिसमसला यायचा तो लांबला आणि तोवर मॅनेजर पॉल मॅकगिनेसने टूर बुक करून टाकलेली, २५ एप्रिल १९९७, लास वेगास. झालं, इथेच घोडं अडलं. 'लास्ट नाइट ऑन अर्थ'चा कोरस तर पार शेवटच्या घटकेला सापडला, आवाज बसलेला असताना गायला. मार्चमध्ये अल्बम आला, अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात एक नंबरला, आणि तिथून भराभर खाली. नंतर बोनो स्वतःच म्हणायला लागला की हे जगातलं सगळ्यात महागडं डेमो सेशन होतं. आणि बॅंडनेच असं म्हटलं की फॅनला काय, तोच डायलॉग मिळाला पंचवीस वर्षं मारायला.

वेगासला पहिल्याच रात्री 'स्टेअरिंग ॲट द सन' मधेच गडबडलं, थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं. तालमीला वेळच मिळाला नव्हता. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं, बोनो आणि एज दोघांनीच ते अकूस्टिकवर म्हणायला सुरुवात केली. आणि त्या गाण्याला खरं म्हणजे तेवढंच पाहिजे होतं. अल्बमवर त्याच्यावर इतके थर चढवलेत की ओएसिस बॅंडच्या कुणीतरी उधार दिल्यासारखं वाटतं. दोन गिटारींवर ते एकदम उघडं पडतं, भित्रं, जरा लाजलेलं. 'डू यू फील लव्ह्ड' मात्र थोड्याच शोजमध्ये गळालं. मला त्याची चुटपुट आहे, ॲडमचा बेस त्यात काय सुंदर आहे, पण त्यांना ते स्टेजवर जमलंच नाही असं दिसतं. 'प्लेबॉय मॅन्शन' तर कधी पूर्ण वाजवलंच नाही, ते बरंच झालं, नव्वदीच्या ब्रॅंड्सची यादी ऐकून आज कुणाला काय वाटणार. आणि 'मियामी' मला आजही झेपत नाही. नवीन फॅन लोक ते 'धाडसी' वगैरे म्हणून उचलून धरतात, धरू देत.

पण लाइव्ह पार्टीचं खरं बळ ज्या दोन गाण्यांत आहे ती म्हणजे 'गॉन' आणि 'प्लीज', आणि इथे मी बिनशर्त त्यांच्या बाजूने.

'प्लीज' समजायला आयर्लंडचं थोडं डोक्यात असावं लागतं. ९६च्या फेब्रुवारीत आयआरए या सशस्त्र संघटनेने युद्धबंदी मोडली, लंडनमध्ये बॉम्ब. हे गाणं त्या वातावरणातलं. सिंगलच्या कव्हरवर चार चेहरे आहेत, जेरी ॲडम्स, डेव्हिड ट्रिम्बल, इयन पेस्ली आणि जॉन ह्यूम, उत्तर आयर्लंडचे चार नेते जे तेव्हा एका खोलीत बसायला तयार नव्हते. पॉप बॅंडने सिंगलवर असे फोटो छापणं म्हणजे विचार करा. अल्बमवरचं 'प्लीज' दबलेलं आहे, ड्रम्स अडखळत चालतात, बोनो जवळजवळ पुटपुटतो आणि गाणं फुटायच्या आधीच विरून जातं. सिंगलसाठी त्यांनी ते परत रेकॉर्ड केलं म्हणजे त्यांनाही खटकलं असणारच. आणि स्टेजवर लॅरीने शेवटाकडे तो 'संडे ब्लडी संडे'चा लष्करी रोल आणला. बस, एवढंच. त्या एका रोलने चौदा वर्षांपूर्वीचं गाणं या गाण्याच्या आत उभं राहतं, त्यावर एजची गिटार ओरडत वर जाते आणि त्या शिखरावरून न थांबता थेट 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'. रॉटरडॅमचं रेकॉर्डिंग त्याच वर्षी 'पॉपहार्ट' नावाच्या ईपीवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, आलं, त्यात हे दोन्ही लागोपाठ आहेत. हेडफोन लावून ऐका आणि मग मला सांगा की पॉपमार्ट म्हणजे नुसता तमाशा होता.

पुढची गंमत म्हणजे मे १९९८ला, उत्तर आयर्लंडच्या शांततेच्या गुड फ्रायडे करारावर मतदान व्हायच्या तीन दिवस आधी, बेलफास्टच्या वॉटरफ्रंट हॉलमध्ये बोनोने त्या चारांपैकी दोघांना, ह्यूम आणि ट्रिम्बलला, स्टेजवर आणून त्यांचे हात वर धरले. त्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. गाण्यामुळे मिळालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, उगाच कुणी भांडायला येऊ नका.

बोस्नियातल्या सारायेव्होच्या शोचंही इथेच सांगतो. २३ सप्टेंबर १९९७, कोशेवो स्टेडियम, युद्ध संपून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, बाजूच्या जमिनीवर कबरी. अख्खी पॉपमार्ट, लिंबासकट, ट्रकांनी तिथे नेली. आणि नेमका बोनोचा आवाज गेला. लोकांनीच गाणी म्हटली, 'संडे ब्लडी संडे' एजने एकट्याने गिटारवर म्हटलं. टूरच्या सगळ्या चकचकाटाची सगळ्यात जास्त टिंगल झाली ती अमेरिकेत, जिथे काही स्टेडियम अर्धी रिकामी होती, आणि तोच चकचकाट सारायेव्होच्या लोकांना हवा होता, पूर्ण, काटछाट न करता.

'गॉन'बद्दल कमी बोलतो कारण ते बोलून कळत नाही. अल्बमवर चांगलं आहे. मेक्सिको सिटीच्या व्हिडिओत, डिसेंबर ९७चा, त्यात ते तिसरंच गाणं आहे आणि एजची गिटार सायरनसारखी येते तेव्हा अंगावर काटा येतो. आयएनएक्सएस बॅंडचा गायक मायकल हचन्स नोव्हेंबरमध्ये गेलेला, बोनोचा जिवलग दोस्त, त्यानंतर हे गाणं त्याचं झालं. २००१च्या टूरमध्येही ते टिकलं, बॉस्टनच्या डीव्हीडीवर आहे बघा. प्रसिद्धीला कंटाळलेल्या माणसाचं गाणं होतं, ते गेलेल्या मित्राचं झालं आणि शब्द बहुतेक तेच.

आता मुद्दा असा की फॅन लोक पुढे काय करतात. ते 'दुरुस्त पॉप' नावाची प्लेलिस्ट बनवतात. सिंगलचं 'प्लीज', सिंगलचं 'लास्ट नाइट', २००२च्या बेस्ट ऑफमधले 'डिस्कोटेक', 'स्टेअरिंग' आणि 'गॉन'चे नवे मिक्स, आणि मधेमधे लाइव्ह. एका मित्राने मला अशी यादी पाठवली, सोबत मेसेज, "बघ रे, आता झाला पूर्ण अल्बम." मी लिहिलं, "अरे बाबा, तू घर झाडून काढलंस पण माणसं हाकलून दिलीस." त्याला ते आवडलं नाही. पण खरंच, २००२चे मिक्स ऐका, सगळं नीटनेटकं, गिटार पुढे, रेडिओला सोयीचं, आणि जी घुसमट होती तीच गायब. 'गॉन' स्टेजवर वाढलं म्हणून स्टुडिओतलं चुकलं असं कुठे आहे? आपण तर मैफिलीची सवय असलेले लोक. एकच बंदिश तबकडीवर तीन मिनिटांची आणि सवाईला तासभराची, आणि कुणी उठून म्हणत नाही की तबकडी अपुरी होती, दोन्ही घरात असतात. रॉकवाल्यांनाच का एक फायनल व्हर्जन लागतं कळत नाही.

आणि त्या प्लेलिस्टवाल्यांनी एक गोष्ट बघा. शेवटची गाणी कुणीच बदलत नाही. 'व्हेल्व्हेट ड्रेस'ला कुणी हात लावत नाही, लाइव्ह ते छोटं करून 'विथ ऑर विदाउट यू'च्या आधी चिकटवलं जायचं, अल्बमवरचंच जास्त चांगलं. 'वेक अप डेड मॅन'ही तसंच, मेक्सिकोत कार्यक्रमाचा शेवट त्याच्यावर केलाय, छान आहे, पण मूळच्या त्या खरखरीत, दूर कुठेतरी बडबडणाऱ्या आवाजांतलं जे एकटेपण आहे ते स्टेडियममध्ये येणार कुठून. म्हणजे डेडलाइनने मारलं ते पहिल्या अर्ध्याला. दुसऱ्या अर्ध्याला मारलं ते पहिल्या अर्ध्याच्या जाहिरातीने. पहिलं सिंगल 'डिस्कोटेक' न काढता 'प्लीज' काढलं असतं तर? विकला कमी गेला असता बहुतेक, पण निदान शिव्या तरी योग्य कारणासाठी बसल्या असत्या.

बॅंडला मात्र अजून या पोराला घरात घ्यायची लाज वाटते असं दिसतं. २०२३ला 'साँग्स ऑफ सरेंडर'मध्ये चाळीस जुनी गाणी परत केली, त्यात 'पॉप'मधलं एकच, 'इफ गॉड विल सेंड हिज एंजल्स'. त्याच वर्षी वेगासच्या स्फिअर नावाच्या सभागृहात प्रचंड पडद्यावर शो केले, सगळं जग थक्क, अरे पण त्याच वेगासमध्ये याच लोकांनी १९९७ला पडद्याचं वेड केलं तेव्हा हसलात ना. १५ डिसेंबर २०१९ला नेरुळच्या डी. वाय. पाटीलमध्ये आले तेव्हाही 'पॉप'मधलं काही नाही. तो 'जोशुआ ट्री'चाच टूर होता त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही, आणि शेवटी रहमान आला तेव्हा मी सगळं विसरलो. पण मधे दोन ओळी 'वेक अप डेड मॅन'च्या, २००१ला करायचे तशा, काय बिघडलं असतं?

एकदाच त्यांनी नीट न्याय दिलेला मला आठवतो, २०१८च्या अमेरिकन टूरला. 'स्टेअरिंग ॲट द सन' परत आणलं, अकूस्टिक, दोघंच, आणि मागे पडद्यावर अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलच्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्च्याची दृश्यं. जाणूनबुजून न बघणाऱ्यांचं गाणं होतं ते पहिल्यापासून. एकवीस वर्षांनी त्याला त्याचं चित्र मिळालं आणि गाण्यातली एक गोष्टही बदलावी लागली नाही.

२०२७च्या मार्चमध्ये 'पॉप'ला तीस वर्षं होतील. त्यांच्याच 'आक्टुंग बेबी' अल्बमसारखा जाडजूड बॉक्स काढणार असतील तर डेमो टाका, हाऊवी बीचे लूप्स टाका, लॅरी परत यायच्या आधीच्या टेप्स टाका, सारायेव्होचा अख्खा शो बसलेल्या आवाजासकट टाका, मी पैसे साठवून ठेवतो. फक्त मूळ बारा गाण्यांना कुणी नव्याने मिक्स करायला बसू नका. आणि 'मियामी' हवं तर बोनस डिस्कवर ढकला, मी चकार शब्द काढणार नाही.